सकाळी साडेसातची नळी

(दृश्य: पॅथॉलॉजी लॅब. टोकन नंबर पुकारल्याचा आवाज.)

"मूठ आवळा." दंडाला रबरी पट्टा, कोपराच्या खोबणीत सुई, आणि पिवळ्या टोपणाच्या नळीत रक्त चढू लागतं. खुर्चीतले गृहस्थ चाळिशीचे. रात्रीपासून पोटात पाण्याशिवाय काही नाही. हीच तपासणी त्यांनी गेल्या महिन्यात केली होती. संध्याकाळी, ऑफिस सुटल्यावर, वडापाव खाऊन. टेस्टोस्टेरॉन या पुरुषी संप्रेरकाचा आकडा कमी आला आणि त्या रात्री ते मोबाइलवर इंजेक्शनांच्या किमती बघत जागले.

त्या आकड्यावर भिस्त ठेवण्यासारखं काही नव्हतं. टेस्टोस्टेरॉन सकाळी वर असतं, दिवस कलतो तसं उतरतं. जेवणानं उतरतं, आजारपणानं उतरतं, जागरणानंही उतरतं. म्हणून रक्त द्यायचं ते सकाळी दहाच्या आत, उपाशीपोटी, आणि दोन वेगवेगळ्या दिवशी. अमेरिकेतली यूरॉलॉजिस्टांची संघटना ३०० नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खालच्या आकड्याला कमी म्हणते, पण जोडीला लक्षणंही लागतात. कामेच्छा मंदावणं, पहाटे लिंगाला येणारा ताठरपणा जाणं. नुसता थकवा म्हणाल, तर तो विरार लोकलनं रोज येणाऱ्या कुणालाही असतो.

सुटलेलं पोट, मधुमेह, झोपेत घोरताना श्वास अडकणं, यांनीही आकडा खाली येतो. वजन उतरवलं की पुष्कळदा तो आपोआप चढतो.

(दृश्य: पियूषिका ग्रंथी आणि वृषणं, रेखाचित्र.)

आता, जिममध्ये कुणी सांगत नाही ती गोष्ट. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पियूषिका ग्रंथी असते. ती एलएच आणि एफएसएच ही संप्रेरकं सोडते, तेव्हा वृषणांत टेस्टोस्टेरॉन आणि शुक्राणू तयार होतात. बाहेरून टेस्टोस्टेरॉन टोचलं की रक्तात ते मुबलक दिसतं आणि ग्रंथी हुकूम सोडणं थांबवते. शुक्राणू घडायला वृषणाच्या आत रक्तातल्यापेक्षा कितीतरी पट टेस्टोस्टेरॉन लागतं. तिथं मात्र दुष्काळ पडतो. वृषणं आक्रसतात, शुक्राणू घटतात.

इतके घटतात, की जागतिक आरोग्य संघटनेनं याच इंजेक्शनाची गर्भनिरोधक म्हणून चाचणी घेतली! १९९० साली निष्कर्ष छापून आले. २७१ पुरुष, आठवड्याला २०० मिलिग्रॅम. त्यांतल्या १५७ जणांच्या वीर्यात शुक्राणू औषधालाही उरला नाही. इंजेक्शन थांबवल्यावर बहुतेकांची गाडी रुळावर येते, पण कित्येक महिने जातात, कधी वर्षाहून जास्त. मूल हवं असेल त्यानं हे डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगावं. एचसीजी, क्लोमिफेन अशी औषधं असतात. ती वृषणांनाच कामाला लावतात.

(दृश्य: हृदयाचा आलेख.)

हृदयाचं काय? २०२३ मध्ये टेस्टोस्टेरॉन उपचारांची ट्रॅव्हर्स ही चाचणी प्रसिद्ध झाली. ४५ ते ८० वयाचे, हृदयविकार असलेले किंवा त्याचा धोका जास्त असलेले सुमारे ५,२०० पुरुष. कातडीवर टेस्टोस्टेरॉनचं जेल लावणाऱ्यांत हृदयविकाराचे झटके आणि पक्षाघात वाढले नाहीत. मात्र हृदयाचे ठोके अनियमित होणं आणि फुप्फुसात गुठळी अडकणं हे प्रकार जास्त दिसले. रक्तही दाट होतं. हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातलं तांबड्या पेशींचं प्रमाण, ५४ टक्क्यांच्या वर गेलं तर औषध थांबवतात. प्रोस्टेट ग्रंथीसाठी पीएसए ही रक्ततपासणी औषध सुरू करण्याआधी करतात आणि नंतरही.

(दृश्य: सिरिंज, अगदी जवळून.)

हे टेस्टोस्टेरॉन अनडेकॅनोएट, टेस्टोस्टेरॉनचंच दीर्घकाळ पुरणारं इंजेक्शन. सिरिंजमध्ये मधासारखं संथ सरकतं, कारण ते एरंडेलात विरघळवलेलं असतं. हो, आजीचं तेच एरंडेल. कुल्ल्यात सावकाश टोचतात. तेलाचा कण फुप्फुसात गेला तर खोकल्याची उबळ येते, म्हणून नंतर थोडा वेळ बसवून ठेवतात. पुढचं इंजेक्शन दहा ते चौदा आठवड्यांनी. जेल निवडलं, तर ते वाळून त्यावर कपडा चढेपर्यंत लेकराला कडेवर घ्यायचं नाही. ते कातडीवरून त्याच्याही अंगात जातं.

(दृश्य: पुन्हा लॅब.)

गृहस्थ कापसाचा बोळा दाबून बाहेर येतात. काउंटरवरची मुलगी पावती देते.

"रिपोर्ट संध्याकाळी. दुसरं रक्त पुढच्या मंगळवारी. काका, तेव्हाही उपाशीच या."