उलटी वाटी, सुलटी वाटी

[ग्लोव्हबॉक्स, वजनकाटा]
काम असं: कोबाल्ट मिसळलेल्या बेरियम-आयर्न-आर्सेनाइडचे स्फटिक वाढवायचे आणि त्यांतल्या इलेक्ट्रॉनच्या ऊर्जा मोजायच्या. कडाक्याच्या थंडीत हा पदार्थ अतिवाहक होतो, म्हणजे विजेला त्याचा विरोध शून्य. बेरियमचा तुकडा उघड्यावर ठेवला तर बघता बघता काळवंडतो. म्हणून वजनं सगळी आर्गॉन या निष्क्रिय वायूने भरलेल्या बंद पेटीत. मोलच्या हिशोबाने बेरियम 1, आयर्न आर्सेनाइड 3.6, कोबाल्ट आर्सेनाइड 0.4. आर्सेनाइडं आधीच करून ठेवलेली. सुटं आर्सेनिक 615 अंश सेल्सिअसच्या आसपास न वितळताच वाफ होतं. भट्टी घाईने तापवली की बंद क्वार्ट्झची नळी फुटते, आणि आतली वाफ विषारी.

[भट्टी]
ॲल्युमिनाची मूस, वर क्वार्ट्झची लोकर, बाहेर सीलबंद नळी. हळूहळू 1180 अंश. मग 1000 पर्यंत उतरायला 36 तास. इथे घाई केली तर स्फटिक बारीक निघतात.

[सेंट्रिफ्यूज]
आता नळी लाल असतानाच बाहेर काढून उलटी, आणि सेंट्रिफ्यूजमध्ये. वितळलेलं जास्तीचं आर्सेनाइड लोकरीतून गाळून जातं, चकाकते पापुद्रे मागे राहतात. हात थोडा रेंगाळला तरी द्रव तिथेच गोठतो, आणि मापनात 70 केल्विनच्या आसपास आयर्न आर्सेनाइडची भलतीच खूण दिसते.

[इलेक्ट्रॉन प्रोब]
मुशीत 10 टक्के कोबाल्ट टाकला, म्हणून स्फटिकात 10 टक्के उतरला असं नाही. इलेक्ट्रॉनचा झोत टाकून मोजला तर सुमारे 7.4 टक्के. वजनकाट्यावरचा आकडा आलेखावर चढवणाऱ्यांनी या विषयात बराच गोंधळ घातला आहे.

[निर्वात कक्ष]
स्फटिकावर चांदीच्या इपॉक्सीने सिरॅमिकची काडी चिकटवलेली. आत, अतिनिर्वातात, तिला टिचकी. काडी पडते, ताजा पृष्ठभाग उघडा होतो. काही तासांत तोही शिळा होणार, म्हणून मोजणी लगेच. हेलियम दिव्याचा 21.2 इलेक्ट्रॉन-व्होल्टचा प्रकाश इलेक्ट्रॉन उखडतो. कोन आणि ऊर्जा मोजली की पट्टे, म्हणजे इलेक्ट्रॉनला मुभा असलेल्या ऊर्जा, दिसतात.

[पडदा]
पट्ट्यांचे आकार वाटीसारखे. मधोमध उलटी वाटी, होलची, म्हणजे इलेक्ट्रॉनच्या रिकाम्या जागांची. कोपऱ्यात सुलटी, इलेक्ट्रॉनची. शुद्ध बेरियम-आयर्न-आर्सेनाइडमध्ये फर्मी पातळीवर, म्हणजे इलेक्ट्रॉन जिथवर भरलेले असतात त्या ऊर्जेवर, दोघींचे काप जवळपास सारख्या मापाचे. एक सरकवून दुसऱ्यावर ठेवावा असे. सुमारे 140 केल्विनखाली ते चुंबकीय क्रमाला हातभार लावतात, हा यावरचा प्रचलित अर्थ.

कोबाल्टकडे लोहापेक्षा एक इलेक्ट्रॉन जास्त. फर्मी पातळी वर सरकते. उलटी वाटी आकसते, सुलटी फुगते, मापं जुळेनाशी होतात. चुंबकत्व ढिलं पडतं आणि 7 टक्क्यांजवळ अतिवाहकता 23 केल्विनच्या आसपास पोचते. 15 टक्क्यांवर उलटी वाटी पातळीखाली बुडते, अतिवाहकताही संपते.

बेरियमच्या जागी पोटॅशियम टाकलं तर उलट दिशा: 40 टक्क्यांना 38 केल्विन. पण त्याची वाफ क्वार्ट्झ खाते, त्यामुळे मूस टँटलम किंवा पोलादी कवचात बंद करावी लागते. आणि सगळं इलेक्ट्रॉनच्या हिशोबावर सोडू नये: आर्सेनिकच्या जागी 30 टक्के फॉस्फरस घातला तर इलेक्ट्रॉनची संख्या बदलतच नाही, तरी अतिवाहकता 30 केल्विनपर्यंत जाते. तिथे बदलते ती लोहाच्या थरापासून आर्सेनिकची उंची.

[चांदीच्या आवरणातली तार]
पोटॅशियम घातलेल्या याच कुळातल्या पदार्थाच्या 100 मीटर लांबीच्या तारा चीनमध्ये ओढून झाल्या आहेत.