काठावरच्या ताई, पाण्यातल्या ताई

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात सत्काराआधी केलेलं भाषण, संकेतस्थळासाठी थोडं संपादित. नाव छापू नका असं सत्कारमूर्तींनी बजावलं असल्यामुळे इथे त्या नुसत्या ‘ताई’ आहेत.)

नमस्कार मंडळी.

ताईंची पदकं मी मोजणार नाही. मास्टर्सच्या, म्हणजे मोठ्या माणसांच्या, पोहण्यात पदक वयोगटानुसार मिळतं आणि साठीनंतर गटात कधीकधी आपण एकट्याच असतो, हे त्याच हसत सांगतात. मला बोलायचंय ते त्यांच्या काठावरच्या कामाबद्दल.

अमेरिकी नौदलातले डॉक्टर रॅन्सम आर्थर यांचं म्हणणं होतं की समोर शर्यत असली तर मोठी माणसंही नेमानं व्यायाम करतील. जॉन स्पॅनथ यांनी ते मनावर घेतलं आणि मे १९७० मध्ये टेक्ससमधल्या अमरिलोला पहिली राष्ट्रीय मास्टर्स स्पर्धा झाली. आता १८ वर्षांपुढचं कुणीही उतरू शकतं. अडचण एकच. मुलांच्या स्पर्धेत घड्याळ धरायला आईबाप असतात, आपल्या स्पर्धेत कोण असणार? पोहणाऱ्यांनीच अंग पुसायचं आणि पुढच्या हीटला, म्हणजे पुढची तुकडी पाण्यात उतरली की, स्टॉपवॉच हातात घ्यायचं. ताई हेच करत आल्या आहेत, आणि नीट करत आल्या आहेत.

घड्याळ धरणं वाटतं तितकं सोपं नाही. स्टार्टरच्या भोंग्यावर बटण दाबायचं नाही, त्याच्या दिव्यावर दाबायचं. आठ लेनच्या तलावात पलीकडच्या टोकाला आवाज पोचायला सुमारे सहा शतांश सेकंद लागतात आणि निकाल शतांशात लागतो. बटण तर्जनीनं दाबायचं, अंगठा मंद चालतो. शेवटी खुर्चीतून उठून थेट काठावर यायचं, भिंतीकडे खाली बघायचं आणि हात प्रत्यक्ष लागला की थांबवायचं. ‘आता लागेलच’ म्हणून आधी दाबणं ही नव्या टायमरची, म्हणजे घड्याळ धरणाऱ्याची, हमखास चूक. हात लागताच वेळ नोंदवणारा टचपॅड भिंतीवर असला तरी घड्याळ हवंच, कारण दमलेला हात हलका लागला तर पॅडला कळत नाही. एका लेनवर दोन घड्याळं असली तर सरासरी धरतात, तीन असली तर मधली वेळ.

मुख्य टायमर म्हणून ताई प्रत्येक हीटला दोन राखीव घड्याळं सुरू करतात. एखाद्याचं चाललं नाही की त्यानं नुसता हात वर करायचा, चालू घड्याळ त्याच्या हातात येतं. कुणाची वेळ बुडालीय असं होत नाही.

१६५० यार्डांच्या शर्यतीत तर फेऱ्या दाखवणारा काउंटर धरायलाही माणूस लागतो. पंचवीस यार्डांच्या तलावात ६६ फेऱ्या. वळणाच्या टोकाला आकड्यांची पाटी पाण्यात बुडवून दाखवायची. आकडे विषमच, १, ३, ५ असे, आणि शेवटच्या फेरीला आकड्याऐवजी लाल-केशरी पाटी. गप्पा मारता मारता एक पान जास्त उलटलं की पोहणारा दोन फेऱ्या आधीच थांबतो आणि बाद होतो. काउंटरवर खापर फोडून उपयोग नाही, नियमानं मोजणी पोहणाऱ्याची. म्हणून ताईंच्या हाताखाली काउंटर धरताना बोलायला बंदी आहे. (आपल्या मंडळींना ही शिक्षा केवढी मोठी, ते तुम्ही जाणता.)

रिलेचं गणितही त्यांच्याकडेच. मीटरच्या तलावात चौघांच्या वयांची बेरीज धरतात, तीही ३१ डिसेंबरला जे वय होईल त्यानुसार. ५७, ५८, ६१ आणि ६३ म्हणजे २३९. एक वर्ष कमी पडलं म्हणून संघ २००–२३९ गटात अडकतो. ६३च्या जागी ६४ आणला की २४०–२७९. यार्डांच्या तलावात बेरीज नाही, सगळ्यांत लहान माणसाच्या वयावर गट ठरतो. कोण कधी साठीत शिरतंय हे ताईंना पाठ असतं. वाढदिवसाचा फोन आला तर शुभेच्छांपुरताच असेल असं समजू नका.

आणि आपल्यातल्या विहिरीत शिकलेल्यांचं काय? पाठीला डबा बांधून पोहायला लागलेले, मान वर, अंग जरासं कुशीवर. पाण्याची भीती नसते, पण ब्रेस्टस्ट्रोकला हमखास बाद. एक पाऊल बाहेर वळतं, दुसरं आत, आणि ती कात्री पंचाला लगेच दिसते. ताई त्यांना आधी काठावर बसवतात, दोन्ही पावलं ताणून बाहेर वळवायला लावतात. मग पाण्यात उताणं पडून तीच लाथ, गुडघे वर न काढता, म्हणजे कंबर सरळ राहते. पालथं पोहणं शेवटी. दुसरी खोड एका हातानं भिंत धरून वळण्याची. ब्रेस्टस्ट्रोक आणि बटरफ्लायला प्रत्येक वळणाला दोन्ही हात एकाच वेळी लागले पाहिजेत. हे चार-पाचदा बाद झाल्याशिवाय अंगी लागत नाही, असं ताईंचं मत आहे आणि ते खरं आहे.

त्या स्वतः बॅकस्ट्रोकवाल्या. उताणं पोहताना भिंत दिसत नाही, म्हणून नव्या तलावात गेल्या की सरावात आधी तलावावर आडव्या टांगलेल्या झेंड्यांपासून भिंतीपर्यंत किती हात मारावे लागतात ते मोजतात. झेंडे भिंतीपासून पाच यार्डांवर किंवा पाच मीटरवर, त्यामुळे घरच्या तलावातला आकडा दुसरीकडे चालेलच असं नाही.

आता अध्यक्षांनी शाल-श्रीफळ द्यावं. पुढच्या स्पर्धेच्या नावनोंदणीचा कागद चहाच्या टेबलावर आहे: आठ लेनना दोन-दोन म्हणजे सोळा टायमर, वर दोन राखीव. ताईंचं नाव त्यात लिहू नका, त्या दिवशी त्यांना २०० बॅकस्ट्रोक पोहायचं आहे.