नाकापेक्षा मोती जड

सांगलीचं मार्केट यार्ड. हळदीचे सौदे उरकलेत, हमाल पोती हलवतायत. यातलंच एक हळकुंड आम्ही कुटलं आणि चिमूटभर पूड स्पिरिटमध्ये घातली. पिवळंधमक पाणी. आता खोलीतला दिवा बंद केलाय. नळीवर टॉर्च धरली, नोटा तपासायची ती जांभळी. बघा, पाणी पोपटी झळाळून उठलं!

ही किमया हळदीतल्या कर्क्युमिनची. ते जांभळा प्रकाश शोषून घेतं आणि हिरवा बाहेर टाकतं. टॉर्च विझली, की झळाळीही गेली. या गुणाला ‘फ्लुओरेसन्स’ हे नाव दिलं जॉर्ज स्टोक्स यांनी, १८५२च्या सुमारास. त्यांच्या प्रयोगांत क्विनाइनचं द्रावण होतं. म्हणजे हिवतापाचं औषध.

आता दुसरं एक औषध घेऊ, प्रोप्रॅनोलॉल. हृदयाच्या पेशींवर बीटा रिसेप्टर नावाची प्रथिनं असतात. तिथं ॲड्रेनलिन या धडधड वाढवणाऱ्या संप्रेरकाची जागा हे औषध अडवून बसतं, म्हणून धडधड कमी होते. पण ते तिथं बसलं, हे बघायचं कसं? शास्त्रज्ञ रॉबर्ट लेफ्कोवित्झ यांच्या पिढीनं त्यासाठी रेणूंना किरणोत्सारी अणू जोडले. रिसेप्टरांवरच्या कामाबद्दल त्यांना आणि ब्रायन कोबिल्का यांना २०१२चं नोबेल मिळालं. ती पद्धत आजही वापरात आहे, पण किरणोत्सारी कचरा सांभाळावा लागतो. म्हणून आता औषधालाच चमकणारा रंग जोडतात आणि जिवंत पेशीवर सूक्ष्मदर्शक लावतात.

खरं कसब इथंच आहे. प्रोप्रॅनोलॉलचा रेणूभार सुमारे २५९, तर फ्लुओरेसीन या रंगाचा ३३२. नाकापेक्षा मोती जड! असा रंग थेट चिकटवला, तर औषध रिसेप्टरच्या खोबणीत शिरणारच नाही. म्हणून मध्ये अणूंची साखळी घालतात. दावं आखूड पडलं, तर बैलाचं तोंड गव्हाणीपर्यंत पोचत नाही; तसंच हे. आणि एवढं करूनही तयार होतो तो नवाच रेणू. तो मूळ औषधासारखा वागतो का, हे पुन्हा पहिल्यापासून तपासावं लागतं.

चमक दिसली म्हणून लगेच हुरळूनही जायचं नाही. हे रंग बरेचदा तेलकट असतात, रिसेप्टर सोडून पेशीच्या पटलालाही चिकटतात. आपली हळदही इथं फसवते. कर्क्युमिन स्वतःच चमकतं आणि अनेक प्रथिनांना चिकटतं, त्यामुळे औषधाच्या चाचण्यांत खोटे होकार मिळतात. हळदीच्या गावात हे सांगायलाच हवं.

मग खात्री कशी करायची? आता पडद्यावर बघा. पेशीच्या कडेनं उजळ कडं दिसतंय, ते रंगीत औषध. त्यात बिनरंगाचं औषध भरपूर ओतायचं. रंगीत रेणू खोबणीतून एकेक उठतो, पण त्याची जागा आता बिनरंगी घेतो. कडं फिकं पडत जातं, म्हणजे ती चमक खोबणीतलीच होती. काही औषधं सेकंदांत उठतात, काही तासन्‌तास ठाण मांडून बसतात. घड्याळ लावून हाच वेळ मोजतात.

कडं अजून फिकं झालं. आता फक्त काळोख.