पाणवठ्यावरची कोणती गोगलगाय जनावरांना धोक्याची?

(पांढरी परात कॅमेऱ्यासमोर)

नमस्कार मंडळी. हरिपूरच्या संगमापासून मळीतल्या, म्हणजे नदीकाठच्या रानातल्या, चरांपर्यंत सांगलीच्या पट्ट्यात या गोगलगायी सापडतात. यातल्या दोनच जातींवर आपल्याला नजर ठेवायची आहे: लिम्निया आणि इंडोप्लॅनॉर्बिस. गोळा करताना हातमोजे आणि गमबूट घालाच.

आधी झाकण बघा. जिवंत गोगलगायीला काडीने हळूच टोचा. ती आत जाताना तोंडावर झाकण बसलं तर ती बेलामिया, पायला किंवा मेलानॉइड्स. बेलामियाचं झाकण नखासारखं पातळ, पायलाचं जाड, चुनखडीचं. मेलानॉइड्स उंच, निमुळती, गाळात पुरलेली. रिकाम्या शंखावरून मात्र निर्णय नको. मेल्यावर झाकण गळतं आणि बेलामियासुद्धा बिनझाकणाची वाटते. इथेच बहुतेकांची गफलत होते.

(क्लोज-अप)

बिनझाकणाची ही लिम्निया. शंख पातळ, शेंडा टोकदार, शेवटचा वेढा फुगीर, शिंगं चपटी आणि त्रिकोणी. शेंडा वर आणि तोंड आपल्याकडे धरलं की तोंड उजवीकडे येतं. डावीकडे आलं तर ती फायसा. आणि ही चकतीसारखी गुंडाळलेली इंडोप्लॅनॉर्बिस. हिच्या रक्तात हिमोग्लोबिन असतं, म्हणून अंग लालसर.

लिम्निया आणि इंडोप्लॅनॉर्बिस दोघी हवेवर श्वास घेतात, त्यामुळे भर प्रवाहात शोधत बसू नका. साचलेलं उथळ पाणी, पाणवनस्पती, हौदाची गळती, क्षारपड रानातले चर, तिथे बघा.

लिम्नियातून बाहेर पडलेल्या यकृतकृमीच्या अळ्या पाण्याकाठच्या गवतावर कोष करून चिकटतात. म्हैस ते गवत खाते आणि कृमी यकृतात पोहोचतात. दूध घटतं, जबड्याखाली सूज येते. म्हणून चरातलं गवत कापताना पाण्यात बुडालेला भाग वैरणीत घेऊ नका. शेण तपासून घ्या, पण एकदा अंडी दिसली नाहीत म्हणून निर्धास्त राहू नका. लागण झाल्यावर पहिले साधारण 3 महिने कृमी अंडी घालत नाहीत, तोवर तपासणी कोरीच येते. लक्षणं असतील तर डॉक्टरांना तसं स्पष्ट सांगा.

इंडोप्लॅनॉर्बिसचं वेगळं आहे. तिच्यातल्या अळ्या थेट कातडीतून शिरतात, नाकात गाठी होतात आणि गाय-बैल घोरायला लागतात. इथे गवत सांभाळून भागत नाही, जनावर डबक्यात उतरवणंच थांबवावं लागतं. उंच हौदावर पाणी पाजा, हौदाची गळती बुजवा, सांडपाणी लांब काढा. गोगलगायी मारायला चरात मोरचूद ओतू नका. पाणी नदीला मिळतं आणि मासे मरतात.