वायफायची जोडणी नेमकी कुठे तुटते?

मुलींच्या एका वसतिगृहातून आलेली तक्रार एका ओळीची आहे: संध्याकाळी सातनंतर वायफाय लागत नाही. ॲक्सेस पॉइंट (वायफायचा सिग्नल देणारे उपकरण) कोल्हापुरात छताला बसवलेला आहे, आणि तो सांभाळणारी अभियंता पुण्यात, ॲक्सेस पॉइंट दुरून हाताळणाऱ्या कंट्रोलरच्या पडद्यासमोर आहे.

तिची पहिली सूचना अशी, की कोणीही उपकरण बंद करून पुन्हा सुरू करू नये. बहुतेक ॲक्सेस पॉइंटमध्ये नोंदी तात्पुरत्या स्मृतीत राहतात, त्यामुळे त्या वेगळ्या लॉग सर्व्हरवर जात नसतील तर रीस्टार्टबरोबर पुसल्या जातात, आणि दोष दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पुन्हा उभा राहतो. घाईने केलेल्या रीस्टार्टमुळे असे कितीतरी पुरावे नाहीसे होतात, याची खंत वाटते.

ती आधी सिग्नल पाहते. बहुतेक फोन उणे 60 ते उणे 67 डीबीएमच्या (सिग्नलची ताकद सांगणारे एकक; उणे आकडा जितका मोठा, तितका सिग्नल क्षीण) आसपास ऐकू येत आहेत, म्हणजे रेंज चांगली आहे. मात्र हा आकडा ॲक्सेस पॉइंटला फोन किती स्पष्ट ऐकू येतो ते सांगतो. फोनला ॲक्सेस पॉइंट कसा ऐकू येतो, हे त्यावरून थेट कळत नाही. केवळ कोपऱ्यातल्या एका खोलीतील फोन उणे 82 वर आहे आणि तेथे तीच पाकिटे (माहितीचे छोटे तुकडे) पुन्हा पुन्हा पाठवावी लागत आहेत.

महत्त्वाचा धागा वेगळाच निघतो. एकाच खोलीत, एकाच ॲक्सेस पॉइंटवर, सकाळपासून जोडलेला फोन व्यवस्थित चालतो, आणि नुकत्याच परतलेल्या मैत्रिणीचा फोन अडतो. अभियंता ॲक्सेस पॉइंटवरूनच त्या फोनच्या पाकिटांची नोंद घेते. त्यात ऑथेंटिकेशन (प्राथमिक ओळख), असोसिएशन (ॲक्सेस पॉइंटशी जोडले जाणे) आणि पासवर्ड तपासणारी चार संदेशांची देवाणघेवाण, हे तिन्ही टप्पे निर्विघ्न पार पडलेले दिसतात. त्यानंतर फोन आयपी पत्ता (नेटवर्कवरील त्याचा क्रमांक) मागणारा, डीएचसीपी या पत्ते वाटण्याच्या पद्धतीतला डिस्कव्हर संदेश पुन्हा पुन्हा पाठवतो, पण पत्ता देऊ करणारा ऑफर संदेश एकदाही येत नाही. म्हणजे जोडणी हवेत तुटलेली नसून पत्ते वाटणाऱ्या सर्व्हरपाशी अडली आहे.

सर्व्हरवर वाटण्याजोगे 250 पत्ते आहेत, आणि प्रत्येक पत्ता 8 दिवसांसाठी दिला जातो; विंडोज सर्व्हरमध्ये हीच मुदत मुळात ठरलेली असते. दिवसभरात येऊन गेलेल्या पाहुण्यांचे फोन निघून गेले तरी त्यांचे पत्ते अडकून राहतात, आणि संध्याकाळी मुली परतू लागल्या की शिल्लक संपते.

अभियंता मुदत 8 तासांवर आणते, पत्त्यांची कक्षा दुप्पट करते आणि दुसऱ्या दिवशी सातच्या ठोक्याला तीच नोंद पुन्हा उघडते. आता प्रत्येक डिस्कव्हरपाठोपाठ ऑफर दिसतो आहे. कोपऱ्यातल्या खोलीतील फोन मात्र अजून उणे 82 वरच आहे. तेथील ॲक्सेस पॉइंटची जागा बदलण्यासाठी ती कोल्हापुरातील तंत्रज्ञाला खोलीचा क्रमांक कळवते.