पट्टीला न दिसणारं प्रथिन

[दृश्य: काचेचं पात्र, लघवीचा नमुना, त्यात पडणारं मीठ]

एक लिटर लघवीत सुमारे 34 ग्रॅम मीठ विरघळवायचं आणि पात्र रात्रभर 4 अंश सेल्सिअसला ठेवायचं. सकाळी तळाशी पांढुरका साका दिसतो. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये इगोर टॅम आणि फ्रँक हॉर्सफॉल यांनी 1950 साली मिठाचीच युक्ती वापरून हे प्रथिन वेगळं केलं. ते फ्लूच्या विषाणूला अडवणारं काहीतरी शोधत होते. आज त्याला युरोमोड्युलिन म्हणतात.

‘लघवीतून प्रोटीन जातंय’ म्हटलं की पोटात गोळा येतो. पण निरोगी माणसाच्या लघवीत सर्वाधिक असतं ते हेच प्रथिन, दिवसाला साधारण 50 ते 150 मिलिग्रॅम. ते रक्तातून गळत नाही, किडनीच ते बनवते. किडनीतल्या सूक्ष्म नळीचं वळण म्हणजे हेन्ले लूप; त्याच्या वर चढणाऱ्या जाड भागातल्या पेशी ते नळीच्या आतल्या अंगाला लावतात आणि हेप्सिन नावाचं एन्झाइम कापून मोकळं करतं. तपासणीची रंग बदलणारी पट्टी मुख्यतः अल्ब्युमिन हे रक्तातलं प्रथिन ओळखते. याचा तिला पत्ताही लागत नाही.

मोकळे झालेले रेणू एकमेकांत अडकून लांब धागे होतात. धाग्यांवर साखरेच्या साखळ्या असतात, काहींत मॅनोज नावाची साखर. ई. कोलाय जंतूच्या अंगावरचे तंतू मूत्राशयाच्या भिंतीवर नेमकं मॅनोजच धरतात. ते वाटेतल्या धाग्यावरच मिळालं की जंतू तिथेच चिकटतो, अशा जंतूंचा पुंजका होतो आणि लघवीबरोबर वाहून जातो. हे प्रथिन बनवणारं जनुक काढून टाकलेल्या उंदरांना मूत्रमार्गाचा संसर्ग सहज जडतो, किडनीत कॅल्शियमचे खडेही धरतात.

[दृश्य: सूक्ष्मदर्शकाखाली हायलाइन कास्ट]

हाच चिकटपणा कधी अंगाशी येतो. पाणी कमी पडलं, लघवी दाट झाली, की प्रथिन नळीतच थिजतं आणि नळीच्या आकाराची पारदर्शक कांडी, म्हणजेच हायलाइन कास्ट, बाहेर पडते. सूक्ष्मदर्शकाचा प्रकाश कमी केला नाही तर ती नजरेतून सुटते. अशा दोन-चार कांड्या दिसल्या तर घाबरायचं कारण नाही.

मल्टिपल मायलोमात मात्र गोष्ट वेगळी. या कर्करोगात रक्तात वाढलेल्या लाइट चेन, म्हणजे अँटिबॉडीचे छोटे भाग, गाळल्या जाऊन नळीत उतरतात, युरोमोड्युलिनला घट्ट धरतात आणि कडक बुचं तयार होतात. शरीरात पाणी कमी असताना वेदनाशामक गोळ्या घेतल्या तर किडनी झपाट्याने बसते. पट्टीवर प्रथिन जेमतेम, पण 24 तासांच्या लघवीत काही ग्रॅम, असा मेळ न बसणारा रिपोर्ट आला की मायलोमाची शंका घ्यायलाच हवी.

तिसरी अडचण घराण्यात चालते. 16व्या गुणसूत्रावरच्या यूमॉड, म्हणजे युरोमोड्युलिनच्याच, जनुकात दोष असला की प्रथिनाची घडी चुकते, ते पेशीतच तुंबतं आणि पेशी हळूहळू मरतात. वडील डायलिसिसवर, आत्याला गाऊट (युरिक ॲसिडमुळे सांधे सुजण्याचा आजार), मुलाला विशीच्या आतच अंगठ्याचा सांधा सुजलेला, असं चित्र दिसतं. लघवी मात्र स्वच्छ: ना रक्त, ना अल्ब्युमिन. त्यामुळे निदान वर्षानुवर्षं राहून जातं. मुलाकडे दोष जाण्याची शक्यता 50 टक्के. म्हणून अशा घरातलं कुणी किडनी द्यायला पुढे आलं, तर त्याच्या लघवीच्या रिपोर्टवर विसंबायचं नाही. आधी जनुकीय तपासणी करायची.