एक मुंगूस, दोन मंगूसेस

(दृश्य: शेताचा बांध. गवतातून मुंगूस सुळकन पलीकडे जातं.)

इंग्रजीत एक जुना विनोद सांगतात. एका गृहस्थाला घराभोवतीच्या सापांसाठी मुंगसांची जोडी मागवायची असते. तो व्यापाऱ्याला पत्र लिहायला बसतो. ‘दोन मंगूसेस’ लिहितो आणि खोडतो. ‘दोन मंगीस’ लिहितो, तेही खोडतो. शेवटी लिहितो, ‘महाशय, कृपया एक मंगूस पाठवावे. ता. क. सोबत आणखी एक पाठवावे.’

त्याची पंचाईत खोटी नाही. गूज म्हणजे हंसासारखा पक्षी, आणि अनेकवचनात गूजचं गीज होतं, हे शाळेत सगळ्यांनीच घोकलेलं असतं. मग मंगूसचं मंगीस का नाही? होत नाही. मंगूसेस हेच बरोबर, कारण या शब्दात गूज नाहीच. हा शब्द आपल्याकडून गेलेला आहे.

(दृश्य: मुंगसाचा चेहरा, अगदी जवळून.)

आधी प्राणी नीट पाहून घेऊ. डोळ्यांतल्या बाहुल्या आडव्या. शेपटी जवळपास अंगाएवढी लांब. एकेक केस पाहिला तर त्यावर फिकट आणि गडद पट्टे आलटूनपालटून असतात, म्हणून अंगाचा रंग राखाडी म्हणावा की तपकिरी, ते ठरत नाही. याच केसांचे चित्रकारांसाठी ब्रश बनवत, आणि त्यापायी मुंगसांची बेसुमार शिकार झाली. आता कायद्याने या धंद्यावर बंदी आहे.

सापाचं म्हणाल, तर मुंगूस चपळ आहेच, पण नुसत्या चपळाईवर ते टिकत नाही. नागाचं विष स्नायूंच्या पेशींवरच्या एका विशिष्ट जागी चिकटतं आणि स्नायू लुळे पडतात. मुंगसाच्या शरीरात त्या जागेची घडणच थोडी वेगळी आहे, विषाला तिथे धड पकड मिळत नाही. मुंगूसवेलीचं मूळ खाऊन ते विष उतरवतं, ही आपल्याकडची गोष्ट ऐकायला छान आहे, एवढंच.

(दृश्य: जुन्या छापील ग्रंथाचं पान.)

ईस्ट इंडिया कंपनीचा एक डॉक्टर होता, जॉन फ्रायर. शिवकाळात तो मुंबईत होता, सुरतेत होता, थेट जुन्नरपर्यंत जाऊन आला होता. त्याचं प्रवासवर्णन 1698 साली लंडनमध्ये छापलं गेलं, आणि त्यात हा प्राणी भेटतो. इंग्रज वाचकाला कळावं म्हणून फ्रायर त्याची गाठ तिकडच्या फेरेट या लांबट अंगाच्या छोट्या शिकारी प्राण्याशी घालून देतो. इंग्रजीतला हा शब्द तिथपासून धरतात.

ऑक्सफर्डचे कोश मूळ म्हणून मराठीचं नाव देतात. 1886 सालचा ‘हॉब्सन-जॉब्सन’ हा अँग्लो-इंडियन शब्दांचा कोश मात्र तेलुगूकडे बोट दाखवतो. तेलुगूत मुंगिस, कन्नडमध्ये मुंगुसि. शेजारपाजारच्या भाषांत शब्दांची ये-जा चालायचीच, त्यामुळे मूळ घर कुठलं यावर भांडण्यात फारसा अर्थ नाही. उत्तरेतला नेवला इंग्रजीत गेला नाही, दख्खनचं मुंगूस गेलं, एवढं नक्की.

पुढे स्पेलिंगने घोळ घातला. सुरुवातीला कोणी ते कसंही लिहीत. हळूहळू शेवटची अक्षरं गूजसारखी झाली, कारण कानाला तसं वाटलं आणि डोळ्यांना ते ओळखीचं होतं. परक्या शब्दाला घरचे कपडे चढवायची ही खोड सगळ्याच भाषांना असते.

आता गूजचं गीज का होतं ते पाहू. जरा म्हणून पाहा: ऊ. ओठांचा चंबू झाला, जीभ मागे गेली. आता म्हणा: ई. जीभ पुढे आली. इंग्रजीच्या पूर्वज भाषेत हंसासारख्या या पक्ष्याच्या अनेकवचनाला शेवटी ‘इझ’ असा प्रत्यय लागे. त्यातला ‘इ’ यायचा म्हणून जीभ आधीच पुढे सरकायला लागली आणि अलीकडचा स्वर बदलला. नंतर प्रत्यय झडला, बदललेला स्वर तेवढा उरला. फूट-फीट, टूथ-टीथ, मॅन-मेन, माउस-माइस हे सगळे याच घराण्यातले. पूर्वी हे घराणं मोठं होतं. जुन्या इंग्रजीत ‘बोक’ म्हणजे पुस्तक आणि ‘बेच’ म्हणजे पुस्तकं. ते टिकलं असतं तर बुक्स हा शब्दच नसता.

आणि गंमत अशी, की गूजचं नातं आपल्याशी निघतंच, फक्त मुंगसाकडून नाही. जर्मन गान्स, इंग्रजी गूज आणि संस्कृत हंस हे एकाच मुळाचे शब्द आहेत.

(दृश्य: नकाशा. कोलकाता ते जमैका.)

एक मुंगूस असेतो अनेकवचनाची गरज पडत नाही. 1872 साली ती जोरात पडली. जमैकात उसाच्या मळ्यांत उंदरांनी उच्छाद मांडला होता. डब्ल्यू. बी. एस्प्युट नावाच्या मळेवाल्याने कोलकात्याहून नऊ मुंगसं आणवली, चार नर आणि पाच माद्या. आपल्या नेहमीच्या मुंगसाहून लहान जातीची ही मुंगसं होती. ती भराभर वाढली. 1883 मध्ये जमैकातून 72 मुंगसं हवाईच्या उसाच्या मळ्यांत पोचली. अडचण एकच: हे उंदीर हिंडतात रात्री आणि मुंगूस शिकार करतं दिवसा. मग पक्ष्यांची अंडी, सरडे, जे हाती लागेल ते त्यांनी फस्त केलं. जपानमधल्या अमामी ओशिमा बेटावर 1979 साली सापांसाठी सुमारे 30 मुंगसं सोडली होती. ती पुरती हटवल्याची घोषणा व्हायला 2024 साल उजाडलं.

एवढं असूनही ‘मंगीस’ काही मेलेलं नाही. ऑक्सफर्डचा विद्यार्थ्यांसाठीचा कोश मंगूसेस एवढंच रूप देतो, पण अमेरिकेचा मेरियम-वेबस्टर ‘मंगीस’लाही दुय्यम म्हणून जागा देतो. लोक वापरतात, म्हणून कोशात येतं. त्याला आमची हरकत नाही, परीक्षेत मात्र लिहू नये.

(दृश्य: पडद्यावर अक्षरं: मुंगूस, मुंगसं.)

खरं तर अनेकवचनात स्वर बदलायची सोय मराठीत आयतीच होती. एक मुंगूस, दोन मुंगसं. मधला ऊ गळतो, जसा माणूस-माणसं किंवा लाकूड-लाकडं यांत गळतो. मुंगसाला, मुंगसाने, सगळीकडे तेच. ‘मुंगसा मुंगसा, तोंड दाखव, रामाची शपथ’ म्हणत त्याच्यामागे धावणाऱ्या पोरांनाही हे व्याकरण कोणी शिकवलेलं नसतं. इंग्रजांनी एकवचन तेवढं उचललं आणि त्याला आपला प्रत्यय जोडला. त्यांचं ठीक आहे. पण हल्ली मराठी बातम्यांच्या पट्टीतही ‘दोन मुंगूस’ दिसतं, आणि ते ‘दोन लाकूड’ म्हटल्यासारखंच कानाला खटकतं.